कितीपैकी किती?

प्रिय चिऊ,



तुझ्या बाबाने काल रात्री तुझ्या गणिताच्या पेपरचा फोटो पाठवला. पाचव्या प्रश्नावर बाईंची लाल फुली आणि तिच्या शेजारी तू पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘का?’ तो ‘का’ वाचून मला राहवलं नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण गणित फोनवर कानात शिरतं आणि फोन ठेवला की निघून जातं. शिवाय दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येईल. म्हणून पत्र लिहायला बसले.

प्रश्न असा होता. वर्गात चाळीस जण, त्यातल्या कुणाला चष्मा आहे आणि कुणाला नाही, याची सारणी दिली होती. ती इथे परत उतरवते, म्हणजे पान उलटायला नको.

चष्मा आहे | चष्मा नाही | एकूण
मुली: ८ | ८ | १६
मुलगे: ६ | १८ | २४
एकूण: १४ | २६ | ४०

आणि विचारलं होतं: वर्गातल्या मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या आणि एक उचलली, तर ती चष्मा असलेल्या मुलीची असण्याची संभाव्यता किती? तू लिहिलंस ८/१४. चष्मा असलेल्या मुली आठ, हे तू बरोबर शोधलंस. घोटाळा खालच्या चौदात आहे.

आता डोळ्यांपुढे तो डबा आण. त्यात कुणाच्या चिठ्ठ्या आहेत? फक्त मुलींच्या. म्हणजे सोळा. त्या सोळांपैकी आठ चष्मेवाल्या. उत्तर ८/१६, अर्धं. तू घेतलेले चौदा हे चष्मा लावणारे सगळे, त्यात सहा मुलगेही आले. पण मुलग्यांच्या चिठ्ठ्या त्या डब्यात टाकल्याच नव्हत्या.

तुझं ८/१४ अगदीच वाया गेलेलं नाही. तेही एका प्रश्नाचं खरं उत्तर आहे, फक्त तो प्रश्न पेपरात विचारला नव्हता. चष्मा लावणाऱ्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या आणि मुलीचं नाव निघण्याची संभाव्यता विचारली असती, तर चौदांपैकी आठ. सगळ्या वर्गाच्या चिठ्ठ्या टाकून ‘चष्मा असलेली मुलगी’ विचारली असती, तर चाळिसांपैकी आठ. वरचे आठ तिन्ही वेळा तेच. खालचा आकडा बदलला की अर्धं, अर्ध्याहून थोडं जास्त आणि एक पंचमांश अशी तीन निराळी उत्तरं येतात.

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. या धड्यात मुलं अडखळतात ती बहुतेक याच जागी, आणि त्यावर मला एकच औषध सापडलं आहे: आपल्या भाषेतला ‘पैकी’ हा शब्द. प्रश्न वाचला की आधी त्यातला ‘पैकी’ शोधायचा. तो लिहिलेला नसेल तर आपण घालायचा. ‘मुलींपैकी’ म्हटलं की बोट मुलींच्या आडव्या ओळीवर ठेवायचं, ओळीच्या टोकाला एकूण सोळा दिसतात, तोच छेद. ‘चष्मा असलेल्यांपैकी’ म्हटलं की बोट उभ्या रकान्यावर, आणि तळाला चौदा. ‘वर्गापैकी’ म्हटलं की उजव्या हाताचा खालचा कोपरा, चाळीस. बोट खरोखर ठेवायचं, मनातल्या मनात नाही. माझ्या वर्गातली मुलं परीक्षेतसुद्धा बोट ठेवून सोडवायची आणि मी कधी हटकलं नाही.

अशी सारणी पाहिली की आणखी एक गोष्ट करायची सवय लाव. चाळिसांपैकी चौदा म्हणजे ३५ टक्के मुलांना चष्मा आहे. चष्म्याचा आणि मुलगा-मुलगी असण्याचा काही संबंध नसता, तर मुलींमध्येही साधारण ३५ टक्के आणि मुलग्यांमध्येही ३५ टक्के दिसायला हवे होते. इथे मुलींमध्ये ५० आहेत आणि मुलग्यांमध्ये २५. मग मुलींचे डोळे अधू असतात, असं म्हणायचं का? एवढ्यावरून मुळीच नाही. हा एक वर्ग आहे, त्यात सोळाच मुली. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो ती पातेलं ढवळलेलं असतं म्हणून. वरचंच शीत दाबलं आणि तळाचा भात कच्चा राहिला, असं प्रत्येक घरात एकदा तरी झालेलं असतं. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे मोठे संख्याशास्त्रज्ञ झाले. देशातल्या पिकाचा अंदाज बांधताना सगळी शेतं कापून तोलता येत नाहीत, तर शेतांतले थोडे तुकडे कुणाच्याही मर्जीने न निवडता, चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे आणि तेवढीच कापणी तोलायची, या पद्धतीवर त्यांनी मोलाचं काम केलं. ते ढवळणंच होतं. तुमचा वर्ग कुणी ढवळून निवडलेला नाही. तेव्हा त्या सारणीवरून वर्गाबद्दल बोल, जगातल्या मुलींबद्दल नको.

चिठ्ठ्यांचं सोपं असतं, कारण सगळ्या सारख्या घडीच्या असतात आणि कुठलीही हाताला लागू शकते. म्हणून तर आपण नुसत्या मोजून भागाकार करतो. पण प्रत्येक गोष्ट अशी समान नसते, आणि हे पुस्तकातल्या गुळगुळीत फाशावरून कळत नाही. म्हणून या पाकिटात चार चिंचोके घातले आहेत. ते तुझ्या आजीच्या डब्यातले आहेत, जपून ठेव.

आम्ही लहान असताना उन्हाळ्याच्या दुपारी माजघरात अष्टाचंगा मांडायचो. फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरं आखायची, मधल्या घरात फुली. चिंचोके आधी तयार करावे लागत. एका बाजूने खरबरीत दगडावर घासत बसायचं, तपकिरी साल निघून आतला पांढरा गर दिसेपर्यंत. घासून घासून चिंचोका इतका तापतो, की आम्ही तो पटकन शेजारच्याच्या दंडाला टेकवायचो. तुझ्या बाबाने माझ्याकडून असे पुष्कळ चटके खाल्ले आहेत, विचार त्याला.

चार चिंचोके ओंजळीत खुळखुळवून टाकायचे. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकं दान. चारही पांढऱ्या म्हणजे चंगा. चारही तपकिरी म्हणजे अष्टा, आठ घरं. दोन्हींना पुन्हा टाकायला मिळायचं. अष्टा पडला की घर दुमदुमायचं, आणि तुझी आजी आतून ओरडायची की झोपू द्या जरा.

आता हिशोब कर. एका चिंचोक्याच्या दोन बाजू, पांढरी आणि तपकिरी. चार चिंचोके म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, सोळा प्रकारांनी पडू शकतात. विश्वास बसत नसेल तर वहीत सोळाही लिहून काढ, पंधरा मिनिटं लागतील. त्यात चारही तपकिरी एकाच प्रकारे. एक पांढरी चार प्रकारे, कारण ती पांढरी पहिल्याची, दुसऱ्याची, तिसऱ्याची किंवा चौथ्याची असू शकते. दोन पांढऱ्या सहा प्रकारे, तीन पांढऱ्या चार प्रकारे, चारही पांढऱ्या पुन्हा एकाच प्रकारे. म्हणून ‘दोन’ सारखे पडतात, सोळांपैकी सहा वेळा, आणि अष्ट्याची वाट पाहावी लागते, सोळांपैकी एक. हा खेळ रचणाऱ्यांनी हे गणित कागदावर केलं असेल-नसेल, पण दुर्मीळ दानाला जास्त घरं द्यायची, हे त्यांना पक्कं समजलेलं होतं.

पण थांब. हा सगळा हिशोब एका गोष्टीवर उभा आहे: दोन्ही बाजू पडण्याची शक्यता सारखी. हातातला चिंचोका नीट बघ. घासलेली बाजू सपाट आहे, न घासलेली फुगीर. तो नाण्यासारखा कसा वागेल? मग खरी संभाव्यता कशी काढायची? टाकून आणि मोजून, दुसरी वाट नाही. शंभर वेळा टाक आणि प्रत्येक दानापुढे ताळ्याच्या खुणा कर: चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. नंतर कागदावरचे सोळावे भाग आणि तुझी मोजणी शेजारी शेजारी ठेव. पहिलीला पुस्तकं सैद्धान्तिक संभाव्यता म्हणतात, दुसरीला प्रायोगिक. शाळेत पहिलीचं उत्तर मागतात, बाजारात, दवाखान्यात आणि शेतात बहुतेक वेळा दुसरीच हाताशी असते.

शंभर वेळा टाकायचा कंटाळा येईल, म्हणून जॉन केरिक यांची गोष्ट सांगते. ते दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठात गणित शिकवायचे. १९४० साली सासुरवाडीच्या माणसांना भेटायला डेन्मार्कला गेले असताना जर्मन सैन्य तिथे घुसलं आणि केरिक नजरकैदेत अडकले. छावणीत वेळ जाता जाईना, तेव्हा त्यांनी एक नाणं दहा हजार वेळा उडवलं आणि प्रत्येक वेळेची नोंद ठेवली. पहिल्या शंभरात ४४ वेळा छापा आला, म्हणजे निम्म्याला सहा कमी. दहा हजारांत ५,०६७ वेळा, म्हणजे निम्म्याला ६७ जास्त.

या दोन आकड्यांपाशी थोडी थांब. फरक सहावरून सदुसष्टवर गेला, म्हणजे वाढलाच. तरी टक्क्यांत पाहिलं तर ४४ वरून ५०.६७ वर, अर्ध्याच्या खूप जवळ. नाण्याने आधीचा बाकी राहिलेला छापा कुठे परत केला नाही. पुढच्या हजारो फेकींच्या ढिगाऱ्यात तो सहाचा तुटवडा दिसेनासा झाला, एवढंच. म्हणून ‘इतका वेळ अष्टा पडला नाही, आता तरी पडायलाच हवा’ असं खेळताना आपण म्हणतो, ते खरं नसतं. मागच्या वेळी आपण कसे पडलो हे चिंचोक्यांना माहीत नसतं. पंधरा वेळा हुकल्यावर सोळाव्या वेळीही अष्ट्याची शक्यता पहिल्या वेळेइतकीच असते. ही एक समजूत डोक्यातून गेली नाही म्हणून माणसं मटक्यात आणि मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांत घरदार घालवून बसतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं तसं झालेलं मी पाहिलं आहे. तो मुलगा नववीत शाळा सोडून गेला, आणि हा धडा मी त्याच्या घरच्यांना का शिकवू शकले नाही, हे मला आजही लागून राहिलं आहे.

आपल्याकडे ही जाण फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वात नळराजा द्यूतात राज्य हरतो. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो आणि आपलीच राणी दमयंती हिच्या दुसऱ्या स्वयंवरासाठी त्याला घेऊन विदर्भाकडे, कुंडिनपुराला निघतो. वाटेत एक बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण रथातूनच त्याच्या दोन फांद्यांवरची पानं आणि फळं किती, ते सांगतो. नळ रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजून बघतो. आकडा बरोबर निघतो. मग दोघं विद्यांची अदलाबदल करतात: नळ घोड्यांची विद्या देतो आणि ऋतुपर्णाकडून फाशांची आणि मोजणीची विद्या घेतो. ती मिळताच त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याची फळंच वापरत. मला त्या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते नळाचं उतरून मोजणं. राजाने सांगितलं म्हणून त्याने मान्य केलं नाही.

आता पुन्हा सारणीकडे. तुझ्या वर्गाच्या चष्म्यांत जीव गुंतण्यासारखं काही नाही, म्हणून एक खरी सारणी देते. ‘टायटॅनिक’ तुला माहीत आहे. १९१२ च्या एप्रिलमध्ये, १४ तारखेच्या रात्री ती हिमनगावर आदळली आणि १५ च्या पहाटे बुडाली. ब्रिटिश चौकशीतल्या नोंदींवरून तयार झालेली एक सारणी जगभरच्या संख्याशास्त्राच्या वर्गांत वापरतात. तिच्यात जहाजावरचे २,२०१ जण आहेत, त्यांपैकी ७११ वाचले.

त्यातले दोन आकडे सांगते, आधी नुसते ऐक. पहिल्या वर्गाचे २०३ प्रवासी वाचले. जहाजावरचे खलाशी आणि इतर कर्मचारी मिळून २१२ वाचले. ऐकल्यावर काय वाटतं? कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःचा जीव वाचवला. असा मथळा देऊन एखादा माणूस त्या मृतांची बदनामी करू शकतो, आणि त्याचा एकही आकडा खोटा नसेल.

आता ‘पैकी’ घाल. पहिल्या वर्गात होते ३२५, त्यांपैकी २०३ वाचले, म्हणजे शेकडा ६२. कर्मचारी होते ८८५, त्यांपैकी २१२, म्हणजे शेकडा २४. चारांतले तीन कर्मचारी बुडाले. दुसऱ्या वर्गातल्या २८५ पैकी ११८ वाचले, शेकडा ४१. तिसऱ्या वर्गातल्या ७०६ पैकी १७८, शेकडा २५.

तसंच बायका आणि पुरुषांचं. वाचलेल्या स्त्रिया आणि मुली ३४४, वाचलेले पुरुष आणि मुलगे ३६७. नुसतं पाहिलं तर पुरुष जास्त. पण जहाजावर स्त्रिया होत्या ४७०, पुरुष १,७३१. स्त्रियांपैकी शेकडा ७३ वाचल्या, पुरुषांपैकी २१. होड्यांत बायका-मुलांना आधी बसवा, हा त्या रात्रीचा हुकूम त्या सारणीत स्वच्छ दिसतो.

आणि तीच सारणी अजून फोडली, फक्त स्त्रिया घेऊन त्यांचे वर्ग पाडले, की हुकूम कुणापर्यंत पोचला तेही दिसतं. पहिल्या वर्गातल्या १४५ स्त्रियांपैकी १४१ वाचल्या. चार गेल्या. तिसऱ्या वर्गातल्या १९६ पैकी ९० वाचल्या. एकशे सहा गेल्या. एकाच जहाजावर, एकाच रात्री, एकाच हुकमाखाली. होड्यांत मिळून ११७८ माणसांची जागा होती आणि वाचले ७११. मी दर वर्षी ही सारणी फळ्यावर काढायचे, आणि ‘१९६ पैकी ९०’ लिहिलं की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. त्या बायका तिकीट काढून पोराबाळांसह नव्या देशात राहायला निघाल्या होत्या. पूर्ण चौकट बघितल्याशिवाय त्यांच्या वाट्याला काय आलं, ते कळत नाही.

आता पत्र लिहिण्याचं दुसरं कारण.

मागच्या पावसाळ्यात तू फोनवर विचारलं होतंस, ‘आत्या, तुझा आवाज असा का येतोय?’ मी सर्दीचं कारण दिलं होतं. सर्दी नव्हती. मी मॅमोग्राफी करून घेतली होती, छातीत गाठ-बीठ आहे का हे बघण्याची ती तपासणी असते. काही त्रास नव्हता, वय झालं म्हणून केली. रिपोर्टमध्ये शंका निघाली, पुढची तपासणी करा असं लिहून आलं. तिथल्या एका माणसाने मी विचारल्यावर सांगितलं, ‘ही तपासणी नव्वद टक्के अचूक असते.’ मी घरी आले ती डोक्यात एकच वाक्य घेऊन: मला कॅन्सर असण्याची शक्यता नव्वद टक्के. दोन रात्री मी जागी होते. कपाटातले कागद लावले, कुणाला काय द्यायचं ते लिहिलं. तुझ्यासाठी आजीच्या पाटल्या.

तिसऱ्या रात्री औषधाच्या दुकानाचं बिल टेबलावर उलटं पडलं होतं. त्यावर मी दोन उभ्या रेघा आणि दोन आडव्या रेघा मारल्या. सोपे आकडे धरले. समजा, माझ्यासारख्या, काहीही त्रास नसलेल्या हजार बायका तपासणीला आल्या. समजा, त्यांपैकी दहा जणींना खरोखर आजार आहे. तपासणी नव्वद टक्के अचूक, म्हणजे त्या दहांपैकी नऊ जणींच्या रिपोर्टमध्ये शंका निघेल, एक निसटेल. उरल्या ९९० निरोगी. त्यांच्यातही शेकडा नऊ जणींना उगाच शंका निघते असं धरलं, तर त्या झाल्या साधारण ८९. आता रकाना उभा वाच: शंका निघालेल्या एकूण नऊ अधिक ८९, म्हणजे ९८. त्या अठ्ठ्याण्णवांपैकी खरोखर आजारी किती? नऊ. अकरांपैकी एक.

दिसलं का तुला? ‘आजारी असलेल्यांपैकी शंका निघणाऱ्या’ दहांपैकी नऊ. ‘शंका निघालेल्यांपैकी आजारी’ अठ्ठ्याण्णवांपैकी नऊ. वरचे नऊ तेच. मी ओळीचा छेद रकान्याला लावला होता. तुझ्या पाचव्या प्रश्नात तू जे केलंस, तेच मी छप्पन्नाव्या वर्षी, एकतीस वर्षं हाच धडा शिकवून झाल्यावर केलं. आणि त्या माणसाने सांगितलेलं वाक्यही खोटं नव्हतं. त्याने फक्त ‘कुणांपैकी’ ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

गेर्ड गिगेरेंझर नावाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी डॉक्टरांसमोर असेच प्रश्न ठेवले, तेव्हा पुष्कळ शिकलेल्या डॉक्टरांचीही उत्तरं चुकली. टक्क्यांऐवजी हजार माणसं डोळ्यांसमोर उभी करून मोजा, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, आणि तसं मोजल्यावर त्यांच्यातले पुष्कळ जण बरोबर उत्तर देतात. बिलाच्या मागच्या त्या चार रेघांनी माझ्यासाठी तेच केलं. त्या रात्री मी झोपले.

अकरांपैकी एक म्हणजे शून्य नव्हे, म्हणून पुढची तपासणी मी टाळली नाही, टाळायचीही नसते. ती केली, गाठ निरुपद्रवी निघाली, आता मी ठणठणीत आहे. बाबाला हे माहीत आहे. आता तुलाही. कुणी तुला ‘इतके टक्के’ असं सांगितलं, मग तो डॉक्टर असो, जाहिरात असो, वर्तमानपत्र असो की तुझी आत्या, तर आधी विचार: कितीपैकी? आणि कुणांपैकी? विचारायला लाजू नकोस. मी त्या दिवशी गप्प राहिले आणि त्यापायी दोन रात्री काढल्या.

आता कामाचं. उद्या बाईंकडे जाऊन सांग की ८/१४ कोणत्या प्रश्नाचं उत्तर होतं ते मला समजलं. मार्क वाढणार नाहीत, पण बाईंना बरं वाटेल, हे मी बाई होते म्हणून सांगते. मग तुझ्या वर्गाची एक सारणी स्वतः कर. काय मोजायचं ते तू ठरव: सायकलने येणारे आणि उशिरा पोचणारे, धाकटं भावंड असलेले आणि डबा वाटून खाणारे, काहीही. प्रत्येकाला स्वतः विचार, अंदाजाने भरू नकोस. ओळींची बेरीज आणि रकान्यांची बेरीज कोपऱ्यात एकच आली पाहिजे. नाही आली, तर कुणीतरी सुटलंय किंवा दोनदा मोजलं गेलंय, त्याला शोध. सारणी झाली की तिच्यावर तीन प्रश्न लिही, तिन्हींचा वरचा आकडा एकच आणि छेद निराळा, आणि मला पाठव. मी सोडवून परत पाठवीन.

आणि चिंचोके शंभर वेळा टाकून ठेव, दिवाळीला येईन तेव्हा बघते. मी पाकीट बंद करण्याआधी काल वीस वेळा टाकले. अष्टा एकदाही पडला नाही.

तुझी,
आत्या